ढकलावे की ओढावे : कूलर सरकवताना बल मोजण्याची रीत

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. ताट्या बदलल्या जातात, टाकी घासली जाते, आणि मग तो पत्र्याचा अवजड सांगाडा खिडकीपर्यंत सरकवण्याचे काम घरातल्या दोघातिघांवर येऊन पडते. बलाच्या प्राथमिक धड्यातले जवळजवळ सगळे मुद्दे या एका कामात आलेले असतात. शाळेत मुले 'ढकलणे किंवा ओढणे म्हणजे बल' ही व्याख्या पाठ करतात आणि ती व्याख्या चुकीचीही नाही; परंतु ज्या मुलाने ते बल एकदाही काट्यावर मोजून पाहिलेले नाही, त्याला व्याख्या आठवते, पण कूलर का हलत नाही हे सांगता येत नाही. म्हणून पुढे दिलेली रीत मोजमापापासून सुरू होते. पालकांनी ती मुलांबरोबर घरी करावी, शिक्षकांनी वर्गात करावी, आणि शेवटी मिळालेले ज्ञान खऱ्या कूलरवर वापरून पाहावे.

कोणत्याही बलाचा विचार करताना तीन प्रश्न विचारण्याची सवय आधी लावून घ्यावी: हे बल कोण कोणावर लावत आहे, ते कोणत्या दिशेने आहे, आणि ते किती आहे. पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बल कधीही एकटे नसते. ते नेहमी दोन वस्तूंमध्ये असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली मुले चाकांच्या लाकडी नंदीला दोरी बांधून त्याला मिरवत नेतात, तेव्हा हे फार स्पष्ट दिसते. मूल चालत असते तोवर दोरी ताठ असते आणि नंदी मागून येतो. मूल एकाएकी थांबले की नंदी जडत्वामुळे पुढे येतच राहतो, दोरी सैल पडून जमिनीला टेकते आणि पुढची चाके मुलाच्या टाचेवर आदळतात. दोरीने ओढता येते, पण दोरीने ढकलता येत नाही आणि थोपवताही येत नाही. दोरीच्या जागी काठी बांधली तर दोन्ही कामे होतात. मुलाला हा फरक स्वतः करून पाहू द्यावा. 'ताण' ही कल्पना त्याला पुढे वेगळी शिकवावी लागत नाही.

साहित्य आणि काटा

लागणारे साहित्य थोडे आहे. दीड-दोन फूट लांबीची गुळगुळीत लाकडी फळी, तिच्या एका टोकाला बसवलेला हुक, मजबूत सुतळी, एक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या आणि एक तानकाटा, म्हणजे ओढण्याचे बल दाखवणारा स्प्रिंगचा काटा. शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात न्यूटनच्या, म्हणजे बलाच्या एककाच्या, खुणा असलेला तानकाटा मिळतो. तो न मिळाल्यास प्रवासाची बॅग तोलण्याचा लटकता काटा चालतो. मात्र तो किलोमध्ये आकडा दाखवतो, म्हणून त्याला ९.८ ने गुणावे, म्हणजे बल न्यूटनमध्ये मिळते. शंभर ग्रॅमचे एक लहान संत्रे काट्याला टांगले तर पृथ्वी त्याला ०.९८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक न्यूटन बलाने खाली ओढत असते, ही खूणगाठ मुलांच्या चांगली लक्षात राहते. एककाला न्यूटन हे नाव १९४८ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दिले.

तानकाट्याच्या आत स्प्रिंग असते, आणि स्प्रिंग जितकी ताणावी तितके बल त्याच प्रमाणात वाढते. रॉबर्ट हुक यांनी हा नियम १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. काटा बरोबर आहे की नाही हे तपासायला हाच नियम उपयोगी पडतो. एक बाटली टांगून खूण पाहावी, मग दोन, मग तीन; दर वेळी सुई सारख्याच अंतराने खाली गेली तर काट्यावर विश्वास ठेवावा. भरलेल्या एक लिटरच्या बाटलीचे वजन सुमारे एक किलो, म्हणजे ९.८ न्यूटन धरावे. स्प्रिंगऐवजी रबरबँड वापरून काटा बनवण्याची कृती पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, पण मी ती सुचवणार नाही. रबर सुरुवातीला एका प्रमाणात आणि पुढे वेगळ्याच प्रमाणात ताणले जाते, शिवाय वजन काढल्यावर लगेच मूळ लांबीवर येत नाही. त्यामुळे मुलाच्या हाती चुकीचे आकडे येतात आणि त्याचा नियमावरचाच विश्वास उडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. तानकाटा उभा टांगून शून्यावर आणलेला असतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या हुकाचे वजनही स्प्रिंगवर येत असते. तोच काटा आडवा धरला की ते वजन स्प्रिंगवरून निघून जाते आणि सुई शून्याच्या किंचित मागे सरकते. आडवे ओढायचे असेल तेव्हा काटा आडवा धरूनच पुन्हा शून्यावर आणावा.

ढकलण्याचे बल मोजण्यासाठी माणसे ज्यावर उभी राहतात तो वजनकाटा घ्यावा, आणि तो शक्यतो सुईचा असावा. तळहात आणि कूलर यांच्यामध्ये काटा उभा धरून त्याच्यावर जोर लावला की सुई किलोमध्ये जोर दाखवते. येथेही उभा धरल्यावर वरच्या पाट्याचा भार निघून गेल्याने सुई मागे जाते. काट्याखालच्या चाकीने ती शून्यावर आणून मगच मोजावे.

फळीवरचा प्रयोग

फळी फरशीवर ठेवून तिच्यावर दोन बाटल्या आडव्या बांधाव्यात, हुकाला तानकाटा अडकवावा आणि अगदी हळू, जमिनीला समांतर ओढायला लागावे. डोळे सुईवर ठेवावेत. सुरुवातीला सुई सरकते, पण फळी तसूभरही हलत नाही. ओढण्याचे बल वाढत जाते आणि फरशीचे घर्षण तितकेच उलट दिशेने वाढत जाते. दोन्ही बले एकमेकांना पुरी पडतात म्हणून फळी जागेवर असते. एका विशिष्ट आकड्याला पोहोचल्यावर फळी हिसका देऊन सुटते आणि त्याच क्षणी सुई मागे येते. सुटण्याआधीचा तो सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. ते स्थितिक घर्षणाचे कमाल मूल्य होय. त्यानंतर फळी एकसारख्या संथ वेगाने ओढत राहावी आणि सुई जिथे स्थिर राहते तो आकडा लिहावा. ते गतिक घर्षण, आणि ते बहुधा पहिल्यापेक्षा कमी असते. कूलर एकदा हलला की मध्ये थांबू नये, असे घरातली मोठी माणसे सांगतात त्याचे कारण या दोन आकड्यांमधला फरक आहे.

एकसारख्या वेगाने ओढताना सुई जो आकडा दाखवते त्यावर मुलांशी जरूर बोलावे, कारण बहुतेकांचा गोंधळ येथेच असतो. फळी पुढे चालली आहे म्हणजे ओढण्याचे बल घर्षणापेक्षा जास्त असले पाहिजे, असे त्यांना वाटते. तसे नाही. वेग बदलत नसेल तर दोन्ही बले समान असतात, आणि न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमाचा हाच अर्थ आहे. बल जास्त असेल तर वेग वाढत जातो, कमी असेल तर घटत जातो. मुलाला मुद्दाम वेग वाढवत ओढायला सांगावे. सुई वरच्या आकड्यावर गेलेली त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. हे एकदा दिसल्यावर 'गतीसाठी बल लागते' हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज आपोआप दुरुस्त होतो: बल गती बदलण्यासाठी लागते, आणि घर्षण असते तिथे ते घर्षणाला तोलण्यासाठी लागते.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाटल्या दोनाच्या चार केल्या तर आकडा किती वाढतो ते पाहावे. फळीचे वजनही हिशेबात धरल्यास घर्षण एकूण भाराच्या प्रमाणात वाढते असे दिसेल. घर्षणाला भाराने भागून जी संख्या येते तिला घर्षणांक म्हणतात. तो फरशीवर वेगळा, सतरंजीवर वेगळा, गुळगुळीत टाइल्सवर वेगळा येतो. मग एक वीट घेऊन तिला सगळीकडून वर्तमानपत्राचा कागद घट्ट गुंडाळावा, म्हणजे सर्व बाजूंचा पृष्ठभाग सारखा होईल, आणि ती आधी रुंद बाजूवर व मग अरुंद बाजूवर ठेवून ओढावी. टेकलेले क्षेत्रफळ कमी झाले म्हणजे घर्षणही कमी होईल, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात आकडा जवळपास तोच राहतो. फ्रेंच संशोधक गिऑम आमाँताँ यांनी १६९९ मध्ये हे मांडले, आणि पुढे फ्रान्समधल्याच कुलोम या संशोधकांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा सखोल अभ्यास केला. कारण असे की, दोन पृष्ठभाग डोळ्यांना पूर्ण टेकलेले दिसत असले तरी खरा स्पर्श सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच होतो, आणि तो स्पर्श किती हे मुख्यतः भारावर अवलंबून असते.

शेवटी फळीखाली चार-पाच गोल पेन्सिली आडव्या ठेवून ओढावे. पेन्सिली गोलच घ्याव्यात. षटकोनी पेन्सिल प्रत्येक कडेवर अडते. आकडा इतका खाली येतो की काट्यावर तो वाचणे कठीण जाते. नंदीला आणि ठेल्याला चाके का लावतात हे सांगण्याची मग गरज उरत नाही.

चुंबकाचे बल आणि पृथ्वीचे गुरुत्वबल ही स्पर्शाशिवाय ओढणारी बले आहेत, आणि चुंबक तर स्पर्शाशिवाय ढकलतोही. दोन चुंबक हातात घेऊन ते पाहून घ्यावे. कूलरच्या कामात मात्र त्यांपैकी गुरुत्वबलाशीच आपला संबंध येतो.

तिरपे बल

आता या लेखाच्या मूळ प्रश्नाकडे यावे. माझे उत्तर असे आहे: बल जमिनीला अगदी समांतर असेल तर ढकलणे आणि ओढणे यांत काहीही फरक नाही. फरक पडतो तो बल तिरपे असते म्हणून, आणि माणसाचे बल जवळजवळ नेहमीच तिरपे असते. उभा माणूस दोरी ओढतो तेव्हा दोरी त्याच्या हाताकडे, म्हणजे वर चढत जाते. तोच माणूस वाकून ढकलतो तेव्हा त्याचा जोर खांद्याकडून खाली उतरत जातो. पहिल्या प्रकारात बलाचा काही भाग वस्तूला उचलून धरतो आणि जमिनीवरचा भार हलका करतो. दुसऱ्या प्रकारात तोच भाग वस्तूला जमिनीवर दाबतो आणि घर्षण वाढवतो.

किती फरक पडतो ते आकड्यांनी पाहावे. समजा, कूलर रिकामा ३० किलोचा आहे आणि टाकीत ४० लिटर पाणी आहे. एकूण ७० किलो, म्हणजे भार ६८६ न्यूटन. घर्षणांक ०.४ धरला तर जमिनीला समांतर लावायचे बल २७४ न्यूटन, म्हणजे २८ किलोचा जोर. तोच कूलर दोरीने वरच्या दिशेला ३० अंशांच्या कोनात ओढला तर २५७ न्यूटन पुरतात. उलट खालच्या दिशेला ३० अंशांच्या कोनात ढकलला तर ४१२ न्यूटन लागतात. वस्तू तीच, फरशी तीच, आणि बलात दीडपटीहून अधिक तफावत. कोन आणखी वाढवत गेल्यास या घर्षणांकाला सुमारे ६८ अंशांनंतर अशी अवस्था येते की, कितीही जोर लावला तरी कूलर सरकतच नाही, कारण पुढे ढकलणारा भाग जितका वाढतो तितकेच, किंबहुना त्याहून जास्त, घर्षण वाढते. ओढण्यासाठी सर्वांत सोयीचा कोन याच उदाहरणात सुमारे २२ अंश येतो आणि तेव्हा २५५ न्यूटन लागतात. म्हणजे दोरी फार चढी धरूनही उपयोग नाही. थोडीशी वर जाणारी दोरी सर्वांत बरी.

फळीवर हे सहज पडताळता येते. सुतळी आधी जमिनीला समांतर, मग थोडी वर, मग बरीच वर धरून ओढावे आणि प्रत्येक वेळी काट्याचा आकडा लिहावा. तो आधी थोडा उतरतो आणि मग पुन्हा चढू लागतो. तान्ह्या पोळ्याचा नंदीही लहान दोरीने ओढला तर त्याची पुढची चाके जमिनीवरून सुटू पाहतात. बाजारात पोती हलवणारे हमाल पोत्याला आकडा लावून त्याचे तोंड किंचित उचलतात आणि मग ओढतात, त्यांच्या या कौशल्यामागे हाच हिशेब आहे.

याहून मोठा फरक ढकलणाऱ्याच्या पायांखाली असतो, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आपण कूलरला जितक्या बलाने पुढे ढकलतो तितक्याच बलाने कूलर आपल्याला मागे ढकलतो; हा न्यूटनचा तिसरा नियम. आपण मागे घसरत नाही, कारण फरशीचे घर्षण आपल्या पायांना धरून ठेवते. तेव्हा आपण किती ढकलू शकतो हे दंडातल्या ताकदीआधी पायांखालचे घर्षण ठरवते. साठ किलोच्या माणसाचा भार ५८८ न्यूटन. कोरड्या फरशीवर चपलेचा घर्षणांक ०.६ धरला तर पायांना सुमारे ३५३ न्यूटनचा आधार मिळतो, आणि समांतर ढकलायला लागणाऱ्या २७४ न्यूटनसाठी तो पुरेसा आहे. टाकी रिकामी करताना पायांखाली पाणी सांडले आणि घर्षणांक ०.२ वर आला, तर आधार ११८ न्यूटनवर येतो. मग त्याच माणसाचे पाय मागे घसरतात आणि कूलर जागच्या जागी राहतो.

तिरपे ढकलणाऱ्याची गत आणखी वाईट होते. तो कूलरला खाली दाबतो म्हणून कूलर त्याला वर उचलतो. वरच्या ४१२ न्यूटनच्या उदाहरणात त्याच्या पायांवरचा भार ५८८ वरून ३८२ न्यूटनवर येतो, पायांचा आधार २२९ न्यूटन उरतो, आणि गरज मात्र ३५७ न्यूटनची असते. म्हणजे कोरड्या फरशीवरही तो एकटा हे काम करूच शकत नाही. दोरीने वर ओढणाऱ्याला उलट फायदा होतो: दोरी त्याला खाली ओढते, पायांवरचा भार सुमारे ७१६ न्यूटन होतो आणि पाय अधिक घट्ट रोवले जातात. ढकलण्यापेक्षा ओढणे सोपे, असे जे म्हटले जाते ते अशा दुहेरी कारणाने खरे ठरते.

प्रत्यक्ष कूलर सरकवताना

सर्वांत आधी कूलरचा प्लग सॉकेटमधून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पत्र्याच्या कूलरमध्ये वीज उतरण्याचा धोका असतो, आणि ओल्या फरशीवर उभे राहून दोन्ही हातांनी पत्रा धरणे जिवावर बेतू शकते; त्यामुळे या पायरीवर कोणतीही सूट घेऊ नये, आणि मुलांनाही त्याचे कारण समजावून सांगावे.

त्यानंतर टाकी रिकामी करावी. वरच्या उदाहरणातले चाळीस लिटर पाणी काढले की २७४ न्यूटनऐवजी ११८ न्यूटन पुरतात, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पाणी बादलीने काढण्यात दहा मिनिटे जातात, ती वाचवण्याच्या मोहात पडू नये. सांडलेले पाणी पुसून फरशी कोरडी करावी आणि पायांत रबरी तळाची चप्पल असावी. कूलर वेगळ्या लोखंडी घोडीवर असेल तर दोघांनी तो आधी खाली उतरवावा.

जोर कोणत्या उंचीवर लावायचा हेही ठरवून घ्यावे, कारण फार वर ढकलल्यास कूलर सरकण्याऐवजी उलटतो. ढकलण्याच्या दिशेतली तळाची रुंदी निम्मी करून तिला घर्षणांकाने भागले की सुरक्षित उंचीची मर्यादा मिळते. साठ सेंटिमीटर रुंद तळ आणि ०.४ घर्षणांक असेल तर ही मर्यादा ७५ सेंटिमीटर येते. खरखरीत फरशीवर घर्षणांक ०.६ झाला तर ती ५० वर उतरते. यात कूलर किती वजनाचा आहे हा प्रश्नच येत नाही, हे विशेष. मात्र वजन तळावर दोन्ही बाजूंना सारखे असावे लागते. एखादा पाय टाइल्सच्या सांध्यात अडकला तर मात्र हा हिशेब लागू पडत नाही आणि कूलर बराच आधी कलतो, म्हणून वाटेतले सांधे आणि उंबरे आधी पाहून ठेवावेत.

दोघे जण असतील तर एकाने पुढून ओढावे आणि दुसऱ्याने मागून, खाली वाकून, शक्य तितके जमिनीला समांतर ढकलावे. ओढणाऱ्याने तळापासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर रुंद पट्टा किंवा जाड दोरी कूलरभोवती गुंडाळावी. पत्र्याची धार हाताला लागू नये म्हणून कोपऱ्यांवर जुने कापड घालावे. दोघांचा जोर एकाच रेषेत असला पाहिजे. दोघांनी शंभर-शंभर न्यूटन बल एका दिशेने लावले तर दोनशे मिळतात, पण त्यांच्या दिशांमध्ये ६० अंशांचा कोन असेल तर १७३ च मिळतात, आणि उरलेला जोर कूलरला आडवा फिरवण्यात वाया जाण्याची शक्यता असते. हेही फळीला दोन तानकाटे लावून आधी करून पाहता येते.

जोर हिसक्याने लावू नये. हळूहळू वाढवावा, आणि कूलर सुटला की त्याच क्षणी थोडा कमी करावा, कारण गतिक घर्षण कमी असल्याने तोच जोर कायम ठेवला तर कूलर पुढच्या माणसाच्या पायावर येतो. मुलांनी वजनकाटा मध्ये धरून सुटण्याच्या क्षणाचा आणि सरकतानाचा आकडा टिपून घ्यावा, आणि कूलरचे रिकामे वजन माहीत असल्यास स्वतःच्या घरच्या फरशीचा घर्षणांक काढावा. कूलर खिडकीशी बसल्यावर तो चारही पायांवर समान टेकला आहे ना हे पाहावे, डुगडुगत असल्यास एका पायाखाली लाकडाची पातळ पट्टी सारावी, आणि मगच टाकीत पाणी भरावे.